बिनओव्हनचं, बिनसाखरेचं चॉकलेट: गोव्याच्या हवेत जमणाऱ्या कृती

खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. गोव्यात पारा त्याच्याखाली उतरतो तो थंडीतल्या रात्री-पहाटे. एरवी तेलाची बाटली पातळच असते. आणि 'ओव्हनशिवाय हेल्दी चॉकलेट' असं शोधलं की हटकून समोर येणारी कृती अशी: खोबरेल तेल, कोको पावडर, थोडा मध एकत्र करा, साच्यात ओता, घट्ट झालं की काढा. थंड हवेच्या गावात ते घट्ट होतं आणि घट्ट राहतं. म्हापशात किंवा फोंड्यात फ्रिजमधून काढून पाहुण्यांसमोर ठेवेपर्यंत ताटलीत काळं तेल उरतं.

कोको बटर जरा बरं. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. पण मे महिन्यातल्या दुपारी गॅस चालू असलेलं आपलं स्वयंपाकघर त्या आकड्यापर्यंत सहज पोचतं.

म्हणून इथं करायचं तर पदार्थ बांधून ठेवायचं काम सुक्या फळांकडे द्यावं. खजूर, अंजीर, मनुका यांचा लगदा वितळत नाही. ३४ अंशांतही तो तसाच चिकट राहतो आणि काजू-कोको धरून ठेवतो. आपल्याकडे पिणाग करताना भाजलेला उकडा तांदूळ आणि खोबरं गूळच धरून ठेवतो, तूप नव्हे, कल्पना तीच. गोडवाही त्या फळांचाच. साखर, गूळ, मध यांतलं काही लागत नाही.

आधी बाजार

खजूर नीट मिळाला की निम्मं काम झालं. दुकानात साधारण तीन तऱ्हा दिसतात. चेपून गठ्ठा केलेला स्वस्त खजूर. खोक्यात, बऱ्याचदा दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवलेला काळा मऊ किमिया. आणि मोठा, महागडा मेजूल. या कामाला मेजूल वापरणं म्हणजे पैसे मिक्सरमध्ये घालणं. तो नुसता खायचा खजूर आहे. किमिया चवीला छान, पण त्यात ओल बरीच. नुसत्या किमियाचे गोळे मऊ पडतात आणि लवकर आंबूस होतात. गठ्ठ्याचा खजूर या सगळ्यांत कामाचा. तो निवडायला वेळ लागतो, पण ओल बेताची आणि चिकटपणा भरपूर. अर्धा गठ्ठ्याचा, अर्धा किमिया हे मिश्रण मला सगळ्यांत आवडतं.

'सीडलेस' लिहिलेल्या पाकिटावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक खजूर बोटांनी उघडून बघायचा. एखादी बी निघतेच, आणि ती मिक्सरच्या पात्याला लागली तर पातं जातं, दाताला लागली तर दात. उघडून बघताना किडकाही सापडतो. अंजिरांचंही तसंच, देठ काढून मधोमध चिरून आत बघायचं.

खारीक वेगळी घ्या. कडक वाळलेली खारीक लगद्याला उपयोगाची नाही, पण तिची पूड दुसऱ्या कृतीत लागणार आहे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी दुकानात तयार पूड मिळते, तीही चालेल.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकेळी दिसली तर जरूर घ्या. पिकलेल्या केळ्यांची उन्हात वाळवलेली ही सुकेळी मुळातच इतकी गोड आणि चिवट असतात की थोडा खजूर कमी करून त्यांचे तुकडे घातले तर चॉकलेटला केळ्याचा मंद वास येतो.

आता काय घेऊ नये ते. सुक्या मेव्याच्या चकचकीत दुकानांत रंगीबेरंगी सुका अननस, किवी, क्रॅनबेरी, पपई मांडलेली असते. पर्यटक किलोकिलोने नेतात. त्यातला बराचसा माल साखरेच्या पाकात मुरवून वाळवलेला असतो. क्रॅनबेरी तर साखरेशिवाय खाववत नाही इतकी आंबट, म्हणून ती जवळजवळ नेहमी गोड केलेलीच मिळते. पाकीट उलटून घटक वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या दोन-तीनांत असेल तर पाकीट परत ठेवा. नारिंगी जर्दाळूला तो रंग गंधकाच्या धुरीने टिकतो. धुरी न दिलेला जर्दाळू तपकिरी-काळपट असतो. दमा असलेल्यांना गंधकयुक्त पदार्थांचा त्रास होऊ शकतो, त्यांच्यासाठी काळपटच घ्यावा.

कोको पावडर बिनसाखरेची. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा दिसायला तसाच असतो, पण त्यात साखर मुख्य आणि कोको मागाहून. घटकांत फक्त 'कोको सॉलिड्स' असेल तर ती साधी कोको पावडर: रंगाने फिकट, चवीला किंचित आंबट. सोबत आम्लता नियंत्रक लिहिलेला असेल तर ती क्षार घालून सौम्य केलेली, म्हणजे डच प्रक्रियेची: जास्त गडद, कमी आंबट. दोन्ही चालतात. कोकोतल्या ज्या फ्लॅव्हनॉल द्रव्यांचं कौतुक केलं जातं ती क्षाराच्या प्रक्रियेत बरीच घटतात. त्या कारणासाठी कोको खात असाल तर साधी घ्या.

कोकोचं झाड बघायचं असेल तर फोंडा तालुक्यातल्या मसाल्याच्या बागांत दाखवतात. खोडालाच चिकटून लोंबणारी पिवळी-तांबडी फळं असतात. पोफळी आणि माडांच्या सावलीत ते आनंदाने वाढतं, म्हणजे आपली कुळागरं त्याला मानवणारी आहेत. भारतातला कोको मुख्यतः केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतून येतो. कोको अमेरिका खंडातला, काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला, खजूर आखाताकडचा. ताटलीत इथला म्हणावा तो नारळ आणि करणाऱ्याचे हात.

काजू घ्यायचे ते तुकडा. मिक्सरमध्येच घालायचे आहेत, अख्ख्या पांढऱ्या गराचा भाव कशाला मोजायचा? सालासकट भाजलेले काजू असतील तर सालं चोळून काढा; ती तुरट लागतात. खोबरं सुकं हवं. हे सांगावं लागतं, कारण आपला हात सवयीने ओल्या नारळाकडे जातो. ओला नारळ घातलेला गोळा बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी वास मारतो.

पहिली कृती: खजूर-काजूचे कोको गोळे

नवख्याने इथूनच सुरुवात करावी. साधारण २० गोळे होतात.

बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, काजू तुकडा १०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं २५ ग्रॅम, कोको पावडर २० ग्रॅम (सपाट तीन मोठे चमचे), चिमूटभर मीठ, पाव जायफळाहून कमी किसून. व्हॅनिला असेल तर थेंबभर, नसेल तर आणायला धावू नका. घरच्या जायफळापुढे त्याची गरज नाही.

१. काजू मंद आचेवर कोरडेच भाजा, सतत हलवत. रंग बदलायला लागला की उतरवा. खोबरं त्याच गरम कढईत टाकून फक्त परता. गॅस बंदच राहू द्या. दोन्ही पूर्ण गार होऊ द्या. पावसाळ्यात काजू-खोबऱ्याने हवेतली ओल ओढलेली असते, ती या भाजण्याने जाते. त्या दिवसांत ही पायरी गाळली की गोळे टिकत नाहीत.

२. खजूर कडक असेल तर पाण्यात भिजत घालू नका. बहुतेक कृतींत 'गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा' असं लिहिलेलं असतं, आणि गोळे बिघडण्याचं पहिलं कारण तेच. इडलीपात्रात चाळणीवर ठेवून चार-पाच मिनिटं वाफ द्या. मऊ होतो आणि पाणी फारसं पीत नाही. मग ताटात पसरून पंख्याखाली गार करा आणि सुरीने बारीक चिरा. अख्खे खजूर टाकले तर त्यांचा गोळा होऊन पात्याखाली अडकतो आणि मिक्सर जळका वास सोडतो.

३. आधी काजू, खोबरं, कोको, मीठ, जायफळ कोरडं फिरवा. मिक्सर सलग चालवायचा नाही; बटण एक-दोन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. जाडसर रव्याएवढं झालं की पुरे. काजूत तेल भरपूर असतं, जास्त फिरवलं की भुकटीचं लोणी होतं आणि मग सगळा गोळा तेलकट.

४. आता चिरलेला खजूर तीन-चार वेळा विभागून घाला. घरचा मिक्सर लहान असेल तर दोन घाण्यांत करा आणि मध्ये मिक्सरला विश्रांती द्या. कोरड्या भुकटीचा रंग एकदम गडद झाला आणि ती भांड्याच्या कडा सोडून एकत्र यायला लागली की थांबा.

५. मूठभर मिश्रण घेऊन दाबा आणि नीट बघा. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले हवेत, कडांना तडे नकोत. तडे गेले तर मिश्रण कोरडं आहे: दोन खजूर वाढवा. पाणी घालायचा मोह होतो, तो आवरा. हाताला काळा लगदा चिकटला तर ओल जास्त झाली: चमचाभर कोको, चमचाभर खोबरं मिसळून दहा मिनिटं झाकून ठेवा, खोबरं ओल ओढून घेईल. तळहात तुपट चमकायला लागला तर काजू जास्त फिरले. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून मगच वळा, चवीत फरक पडत नाही.

६. छोट्या लिंबापेक्षा लहान गोळे वळा, साधारण १७ ग्रॅमचा एक. वरून खोबऱ्यात, भाजलेल्या तिळात किंवा कोकोत घोळवा. कोकोत घोळवलेले सर्वांत देखणे दिसतात, पण पावसाळ्यात तासाभरात कोको ओलसर होऊन डाग पडतात. तेव्हा तीळ बरे.

लगेच खाल्लं तर खजूरच पुढे येतो. फ्रिजमध्ये एक रात्र गेली की कोको मुरतो आणि मग ते चॉकलेट लागतं. ज्यांना 'हे खजुराचे लाडूच आहेत' असं वाटतं त्यांना दुसऱ्या दिवशी द्या.

कोकोचा वास आणखी उठवायचा असेल तर एक युक्ती आहे. चमचाभर खोबरेल तेल कोमट करून त्यात कोको कालवून पाच मिनिटं ठेवायचा आणि मग मिश्रणात घालायचा. एवढ्याशा तेलाने गोळा सैल होत नाही. तेल मात्र खाण्याचं, घाण्याचं; केसांच्या बाटलीतलं नको, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

हे कितपत पौष्टिक?

या पदार्थांच्या बाबतीत भाबडेपणा फार चालतो. खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असते. वरच्या मापात एका गोळ्यात खजुराची म्हणून सहा ग्रॅमच्या वर साखर येते, म्हणजे दीड लहान चमचा. उष्मांक सुमारे ६५ ते ७०. चार गोळे खाल्ले तर जेवणाचा चांगला हिस्सा झाला.

मग फायदा काय? फळ अख्खं वाटलं जातं, त्यामुळे चोथा सोबत येतो; पोटॅशियम, मॅग्नेशियम येतं; काजू-खोबऱ्यामुळे पोट भरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोळ्याला हात आपोआप थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबाबत जी शिफारस केली ती 'मुक्त' साखरेबद्दल आहे: वरून घातलेली साखर, तसंच मध, पाक आणि फळांचा रस यांतली. म्हणून 'साखर नाही, मध घातलाय' या बोलण्याला अर्थ नाही, आणि बाटलीतल्या खजुराच्या सिरपलाही नाही. अख्खा खजूर घ्यायचा तो याचसाठी.

मधुमेह असलेल्यांनी हे 'चालतं' असं धरून चालू नये. आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून, मोजून खावं. आणि हे दाताला चिकटतं. मुलांना दिल्यावर चूळ भरायला लावा.

दुसरी कृती: खारकेच्या पुडीचं खरं चॉकलेट

गोळे जमले की पुढची हौस असते ती कट्कन मोडणाऱ्या वडीची. इथं खजुराचा लगदा चालत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी गेलं की कोकोचे कण ते पाणी ओढून एकमेकांना चिकटतात आणि सगळं एकदम रवाळ, घट्ट पुरणासारखं होतं. खजुराच्या लगद्यात ते पाणी असतंच. खारीक मात्र कोरडी, म्हणून तिची पूड चालते.

कोको बटर १०० ग्रॅम, कोको पावडर ६० ग्रॅम, खारीक पूड ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ. कोको बटर पणजी-मडगावच्या बेकरी सामानाच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. महाग आहे. त्याच्या जागी डालडा-छापाची वनस्पती चरबी घातलेलं 'कंपाऊंड' चॉकलेट कुणी सुचवेल. ते उकाड्यात टिकतं हे खरं, पण त्यात साखर भरपूर आणि कोको बटर नावालाही नसतं; मग एवढा खटाटोप कशाला?

खारीक घरी कुटायची तर बी काढून, तुकडे करून मंद आचेवर कोरडी भाजून, गार झाल्यावर चटणीच्या भांड्यात दळा. मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. चाळणीवर उरेल ते गोळ्यांत जाऊ द्या. पूड दळली की लगेच वापरायची. आपल्या हवेत डबाभर पूड दोन दिवसांत ढेकूळ होते. विकतची पूड बहुधा जाडसर असते, तीही पुन्हा दळून चाळा.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा. वर स्टीलचं कोरडं भांडं असं बसवा की त्याचा तळ पाण्याला लागणार नाही. त्यात कोको बटर तुकडे करून घाला आणि आपोआप वितळू द्या. भांडं उचलल्यावर बुडाचं पाणी आधी फडक्याने पुसायचं. तो एक थेंब ओघळून चॉकलेटमध्ये पडला तर वरचं सगळं वाया. मग कोको चाळून घाला, खारीक पूड आणि मीठ घाला, गुठळी राहू देऊ नका. हवं तर हे सगळं कोरड्या मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवा, जास्त गुळगुळीत होतं.

आता ते गार व्हायची वाट पाहायची, ढवळत. थर्मामीटर असेल तर ३१-३२ अंशांवर ओता. नसेल तर चमच्याच्या टोकाने थोडं खालच्या ओठाला लावा. ऊन लागलं तर थांबा. किंचित गार लागलं की वेळ झाली, कारण ओठ त्याहून गरम असतो. बटर पेपर लावलेल्या थाळीत पातळ पसरा, वर काजूचे तुकडे, मनुका, तीळ भुरभुरवा आणि अर्ध्या तासासाठी फ्रिजमध्ये.

हे काम भर दुपारी करू नका. सकाळी लवकर, नाहीतर रात्री जेवणं आटोपून ओटा गार झाल्यावर. एप्रिल-मेमध्ये खोलीचंच तापमान ३२ असेल तर चॉकलेट गार तरी कुठं होणार? त्या दिवसांत भांडं गार पाण्याच्या परातीत क्षणभर टेकवून लगेच बाजूला घेऊन ढवळायचं, असं दोन-तीनदा.

अपेक्षा नीट ठेवा. दुकानातल्या चॉकलेटमध्ये साखर जिभेला कण जाणवू नये इतकी बारीक दळलेली असते, घरच्या मिक्सरने ते होत नाही. जिभेवर थोडी रेती लागेल. मला ती आवडते. घरातल्या मुलांचं मत वेगळं आहे. पृष्ठभागावर पांढुरके पट्टे आले तर ती बुरशी नसते, कोको बटर वर येऊन गोठलेलं असतं. खायला हरकत नाही. बुरशी लव आल्यासारखी मऊ दिसते आणि वास येतो. ती दिसली तर टाकून द्या.

ही वडी फ्रिजमधलीच. बाहेर ठेवून मिरवायची तर डिसेंबर-जानेवारीत.

बाकीचे थोडक्यात

अंजीर-तिळाची वडी सर्वांत सोपी. १५० ग्रॅम अंजीर वाफवून चिरा, ५० ग्रॅम काळ्या मनुकांसोबत वाटा, ८० ग्रॅम भाजलेले तीळ आणि दोन मोठे चमचे कोको मळून थाळीत थापा, फ्रिजमध्ये ठेवून कापा. अंजिराच्या बिया दाताखाली येतात, म्हणून खारकेच्या रेतीची तक्रार करणारेही ही गुपचूप खातात. मनुका धुतल्या तर तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरड्या करून घ्या.

साठाची गुंडाळी ही खास आपली. आंब्याचं साठ किंवा फणसपोळी घ्या, पण साखर न घातलेली. विकणाऱ्या बाईंना सरळ विचारा, त्या खरं सांगतात. त्यावर पहिल्या कृतीचं मिश्रण पातळ थापा, घट्ट गुंडाळा, फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून चकत्या करा. साठ बाहेरून, काळं चॉकलेट आतून, गोल गोल रेषा दिसतात. आंबा आणि कोको जुळतात; फणस आणि कोको त्याहूनही चांगले जुळतात, हे खाल्ल्याशिवाय पटत नाही.

आमसोल घालून बघा, पण धीटपणे नको. एक आमसोल स्वच्छ धुऊन मीठ काढायचं, पुसून तव्यावर कोरडं करायचं, कात्रीने अगदी बारीक कापायचं आणि २० गोळ्यांच्या मिश्रणात मिसळायचं. खजुराचा गोडवा अंगावर येतो अशी तक्रार असेल तर आमसोल त्यावर उतारा आहे. त्या घाण्यात वेगळं मीठ घालू नका.

नारळाच्या घट्ट रसात खजूर आणि कोको वाटून वाट्यांत गार केलेली खीरही छान होते. ती त्याच दिवशी संपवायची, त्यामुळे पाहुणे येणार असतील तरच करा.

ठेवायचं कसं

कोरडा, घट्ट झाकणाचा डबा, थरांमध्ये बटर पेपर. फ्रिजमध्ये गोळे आठ-दहा दिवस चांगले राहतात, फ्रीझरमध्ये दोनेक महिने. बाहेर ठेवायचे तर हिवाळ्यात दोन-तीन दिवस. जून ते सप्टेंबर एका दिवसावर नको. चवथीला नेवऱ्यांसोबत ठेवायचे म्हणून आठवडाभर आधी करून बाहेर ठेवू नका. चवथ पावसाळ्यातच येते.

डबा फ्रिजमधून काढल्यावर लगेच उघडायचा नाही. आपली दमट हवा गार गोळ्यांवर पाणी धरते, दोन मिनिटांत ते घामेजतात, आणि तसेच परत ठेवले की बुरशीला निमंत्रण. डबा बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या, मग उघडा. त्यापेक्षा छोट्या छोट्या डब्यांत भरलेले बरे, लागेल तेवढाच बाहेर निघतो. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते तेव्हा फ्रिज उघडझाप करू नका. गोळ्यांना काही होत नाही. खारकेची वडी मात्र मऊ पडून पुन्हा गोठेल आणि पांढरे पट्टे येतील.

पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे रात्रीच्या बसने पाठवायचे तर गोळे आणि अंजिराची वडी. कोको बटरचं काहीही पाठवू नका. डिकीत ते वितळणारच.

चार ओळखीच्यांना आवडलं की विकायचा विचार मनात येतो. घरून विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. आणि लेबलवर 'शुगर फ्री' लिहू नका: तसं म्हणायला १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही, आपल्या गोळ्यांत तिच्या कितीतरी पट आहे. 'वरून साखर घातलेली नाही' असंही लिहू नका, कारण साखरेच्या जागी सुक्या फळांचा लगदा वापरला असेल तर तो दावाही करता येत नाही. काजू, तीळ यांची नावं ठळक लिहा, कारण काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते.

अगदी लहान मुलांना अख्खे काजू किंवा मोठा चिकट गोळा देऊ नका, घशात अडकतो. बारीक तुकडे करून द्या. आणि घरात कुत्रा असेल, गोव्यात बहुतेक घरांत असतोच, तर यातलं काहीही त्याच्या तोंडी जाऊ देऊ नका. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं आणि मनुकांनी त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. या पदार्थांत कोको असतोच, काहींत मनुकाही असतात. खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा, आणि किती खाल्लं ते सांगा.